डेबियन १३ आली, पण आमची मे महिन्याची सुट्टी वाया गेली. हे लोक तारीख आधी का सांगत नाहीत?

जुनीदप्तरं | रविवार, १० ऑगस्ट, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालय सांभाळतो. पगारी माणसं दोनच, मी आणि शिपाई. संगणक एकूण अकरा: एक सर्व्हर (त्यावर कोहा, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर), आठ वाचकांसाठी आणि दोन जुनाट डबे, जे केवळ डेबियनच्या कृपेने अजून श्वास घेताहेत. सगळीकडे डेबियन या फुकट लिनक्स प्रणालीची १२वी आवृत्ती, म्हणजे बुकवर्म.

तक्रार अशी की मोठं काम काढायला आम्हाला वर्षातून एकदाच फट मिळते. मे अखेरीस पुस्तक पडताळणीसाठी वाचनालय आठवडाभर बंद असतं तेव्हा. मार्चपासून वाचतोय, १३ येणार, १३ येणार. १५ मार्चला पहिलं फ्रीझ (म्हणजे बदल गोठवणं), १५ एप्रिलला दुसरं, १५ मेला तिसरं. म्हटलं, आता काय, पंधरा दिवसांत हातात. कार्यकारिणीच्या सभेत तसं बोलूनही बसलो. मे गेला, जून गेला, जुलै गेला. आली कधी, तर काल, नारळी पौर्णिमेला. आता श्रावण, मग गणपती, मग दिवाळी अंकांची गडबड. हात लावायला सवड नाही.

उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवाले कितीतरी आधी सांगतात, एप्रिल म्हणजे एप्रिल. यांचं आपलं ‘तयार झाली की येईल’. दिवाळीचा सदरा शिवायला टाकला की आमचा शिंपीही हेच सांगायचा.

---

ताजा_कलम | रविवार, १० ऑगस्ट, रात्री १०:४१

तारखेची भानगडच ठेवू नका. आर्च लिनक्स टाका. आवृत्तीच नाही, तर उशीर कसला?

---

आयटी_हमाल | रविवार, १० ऑगस्ट, रात्री ११:०५

@ताजा_कलम, वाचनालयातल्या आजोबांना रोज सकाळी नवा डेस्कटॉप दाखवायचा का? हलके घ्या.

@जुनीदप्तरं, साधा हिशेब आहे. उबुंटू म्हणजे एसटी. रिकामी असो की भरलेली, वेळ झाली की कंडक्टर घंटी मारणार. एप्रिल आणि ऑक्टोबर, २००४ पासून. डेबियन म्हणजे वडाप. भरली की सुटणार. ड्रायव्हर चहा पिताना दिसला तर समजायचं, अजून दोन सीट बाकी आहेत.

---

जुनीदप्तरं | रविवार, १० ऑगस्ट, रात्री ११:१२

वडाप! हे कार्यकारिणीला सांगतो. त्यांना लगेच पटेल.

---

रात्रपाळी | सोमवार, ११ ऑगस्ट, पहाटे १:३०

वडापची उपमा झकास आहे, पण अर्धीच बरोबर. डेबियनमध्ये एक लहानसं पॅकेज (बसवायला तयार केलेला प्रोग्रॅम) सांभाळतो, फावल्या वेळात, फुकट. आतून कसं दिसतं ते लिहितो. लांबेल.

पूर्वी खरोखरच वडाप होती. आता नाही. आता गाडी कधी सुटेल ते सांगत नाहीत, पण दार कधी बंद होईल ते कित्येक महिने आधी सांगतात. तुम्ही दिलेल्या मार्च, एप्रिल, मेच्या तारखा म्हणजे तेच, एकेक दार लावत जाणं. पहिल्या दाराला कंपायलर आणि मोठ्या लायब्रऱ्यांची उलथापालथ थांबते. दुसऱ्याला नवीन पॅकेज आत यायचं बंद, आणि जे बाहेर पडलं त्याला परत प्रवेश नाही. तिसऱ्यानंतर महत्त्वाच्या पॅकेजांना, आणि ज्यांच्या स्वयंचलित चाचण्या नाहीत त्यांना, रिलीज टीमची परवानगी काढावी लागते. शेवटचं दार २७ जुलैला लागलं, तेव्हापासून सगळ्यांनाच परवानगी काढावी लागायची. दारं लागल्यावर गाडी उभी असते ती प्रवासी यायचेत म्हणून नव्हे. ब्रेक तपासायचेत म्हणून.

एरवीचा रस्ता असा. आम्ही पॅकेज ‘अनस्टेबल’मध्ये टाकतो, त्याचं कायमचं नाव सिड. तिथे तातडीप्रमाणे २, ५ किंवा १० दिवस कुणी गंभीर बग नोंदवला नाही, तर ते आपोआप ‘टेस्टिंग’मध्ये सरकतं. हीच टेस्टिंग गोठवून, घासूनपुसून ‘स्टेबल’ होते. गंभीर बग, आमच्या भाषेत आरसी बग, निघाला आणि कुणी हलला नाही, तर पॅकेज टेस्टिंगमधून आपोआप हाकललं जातं. एकटं नाही, त्याच्यावर टेकलेल्या सगळ्यांना घेऊन.

माझंच सांगतो. मागच्या वर्षी एक मेल आली: तुमचं पॅकेज अमुक तारखेला टेस्टिंगमधून काढलं जाईल. माझ्या पॅकेजात काही चूक नव्हती. ते ज्या छोट्या सी लायब्ररीवर टेकलंय, ती जीसीसी १४ या नव्या कंपायलरवर बांधली जाईना. जुना कंपायलर न सांगता वापरलेल्या फंक्शनबद्दल नुसतं कुरकुरायचा, १४ ने तीच गोष्ट चूक धरली. त्या लायब्ररीच्या मूळ लेखकाने कित्येक वर्षं त्या कोडला हात लावलेला नाही. पॅकेज सांभाळणाऱ्याचं उत्तर येईना. शेवटी रात्री दोन वाजता मीच पॅच पाठवला. काय होता पॅच? वर एक हेडर जोडणारी ओळ. एक ओळ. पण ती कुठली हे शोधायला तीन रात्री गेल्या, कारण दिवसा पोट भरायची नोकरी असते.

हे असं जवळपास ७० हजार पॅकेजांत चालतं. ट्रिक्सीत, म्हणजे १३ मध्ये, ६९,८३० आहेत. सगळ्यांची पहाट एकाच दिवशी उजाडेल असं मार्चमध्ये लिहून द्यायला कुणाची जीभ रेटेल?

---

अर्धा_र | सोमवार, ११ ऑगस्ट, सकाळी ८:१०

@रात्रपाळी दंडवत. वाचनखूण साठवली.

---

तंबोरा | सोमवार, ११ ऑगस्ट, सकाळी ९:५५

पोरांनो, तुम्ही उशीर पाहिलेलाच नाही.

डेबियनची वुडी ही आवृत्ती आली जुलै २००२ मध्ये. पुढची सार्ज कधी? जून २००५! तीन वर्षांना महिनाभर कमी. नवा इन्स्टॉलर लिहून होईना, त्यात इतक्या प्रकारच्या प्रोसेसरांवर एकदम चालली पाहिजे हा हट्ट. तेव्हा मी सांगलीत हॉस्टेलवर. कुणीतरी पुण्याहून वुडीच्या सीड्यांची चळत आणलेली, ती खोल्याखोल्यांतून फिरत फिरत ओरखडून गेली, तरी नवी आवृत्ती नाही. त्याच काळात उबुंटू जन्माला आली (ऑक्टोबर २००४) ती डेबियनचंच पीठ घेऊन, पण दर सहा महिन्यांनी भाकरी थापायच्या बोलीवर. वर फुकट सीड्या पोस्टाने घरी! पोस्टमन पाकीट देताना विचारायचा, परदेशात कोण आहे हो तुमचं?

आणि उबुंटूची एसटीही एकदा चुकली आहे. २००६ ची एलटीएस (दीर्घ आधाराची आवृत्ती) एप्रिलला यायची ती जूनमध्ये आली. त्यांचा आवृत्तीक्रमांक म्हणजे वर्ष आणि महिना, म्हणून ती ६.०४ न होता ६.०६ झाली. उशीर नावातच कोरला गेला बिचारीच्या.

पुढे २००६ मध्ये डेबियनमध्ये एक प्रयोग झाला, डंक-टँक नावाचा. सार्जनंतरची एच ही आवृत्ती वेळेवर निघावी म्हणून रिलीज मॅनेजरना काही काळ पैसे द्यायचे. झालं, बाकीच्या स्वयंसेवकांत धुसफुस. त्यांना पैसे, मग आम्ही काय वेठबिगार? काहींनी काम आखडतं घेतलं. डिसेंबरात यायची एच एप्रिल २००७ ला आली. आमच्या गावच्या गणेश मंडळात मांडववाल्याला मानधन ठरलं तेव्हा हेच झालं होतं.

---

ताजा_कलम | सोमवार, ११ ऑगस्ट, सकाळी १०:२०

इतिहास उत्तम, पण मूळ दुखणं शिळेपणाचं आहे. परवा आलेली ट्रिक्सी २०२७ मध्येही हेच आकडे दाखवणार: कर्नेल ६.१२, नोम डेस्कटॉप ४८. एक्सस्क्रीनसेव्हरचा प्रसंग आठवतो ना? लेखकाने प्रोग्रॅमातच सूचना घालून ठेवली होती की ही आवृत्ती फार जुनी आहे, बदला. २०१६ मध्ये डेबियन स्टेबल वापरणाऱ्यांच्या पडद्यावर ती झळकायला लागली. लेखक स्वतः वैतागलेला, की तुम्ही जुनं वाटता आणि बगच्या तक्रारी मला येतात. त्याचं काय चुकलं?

---

आयटी_हमाल | सोमवार, ११ ऑगस्ट, सकाळी १०:४८

आकडा जुना म्हणजे माल जुना नव्हे. सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून शिवतात. सदरा तोच, ठिगळ आतून.

आणि शिळं कधीकधी वाचवतं. मार्च २०२४, फाइली कॉम्प्रेस करणारा एक्सझेड प्रकल्प. कुणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून त्या प्रकल्पात विश्वास कमावला आणि ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचा दरवाजा ठेवला. सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवाल्या माणसाला सिडवर दुरून संगणकात शिरताना, म्हणजे एसएसएच लॉगिनला, अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. अर्धा सेकंद! २९ मार्चला त्याने जगाला सांगितलं. तोवर माल सिड आणि टेस्टिंगमध्ये पोचला होता, स्टेबलमध्ये नाही. उबुंटू २४.०४ ची बीटा आठवडाभर पुढे ढकलावी लागली, कारण बरंच काही पुन्हा बांधून घेतलं. डेबियनने १२.६ ही दुरुस्तीची आवृत्ती लांबवली.

---

ताजा_कलम | सोमवार, ११ ऑगस्ट, सकाळी ११:०२

अर्धीच गोष्ट सांगताय. ते पॅकेज आर्चमध्येही आलं होतं, पण आर्चचा एसएसएच त्या लायब्ररीला जोडलेलाच नव्हता. डेबियन आणि फेडोराने सिस्टिमडीसाठी (मशीनवरच्या सेवा चालू-बंद करणारा भाग) एसएसएचला स्वतःचं ठिगळ लावलं होतं, त्या वाटेने धोका होता. म्हणजे तुमचं आतलं ठिगळच भोक ठरलं असतं.

---

रात्रपाळी | सोमवार, ११ ऑगस्ट, दुपारी १:१५

@ताजा_कलम मान्य. हा मुद्दा आमच्याकडे खूप बोचला होता. आपण मूळ कोडात किती हात घालावा यावर पुन्हा वाद झाले. स्टेबल वाचली ती वेळ आधीच सापडल्यामुळेही. वर्षभर कुणाला ते जाणवलं नसतं, तर हेच पॅकेज घासूनपुसून ट्रिक्सीत बसलं असतं. फ्रीझमध्ये बग सापडतात. कपटी माणूस सापडेलच असं नाही.

---

जुनीदप्तरं | सोमवार, ११ ऑगस्ट, दुपारी ४:३०

तुमची जुगलबंदी चालू द्या, इकडे घात झालाय.

चार नंबरच्या मशीनवर सकाळी नेहमीचं अपडेट दिलं. त्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी नेहमीसारखं ‘वाय’ दाबलं. मग अपग्रेड सुरू झालं ते थांबेचना. जवळपास दीड हजार पॅकेजं. मशीन चालू आहे, मराठी टायपिंगही चालतंय, पण आता ते स्वतःला १३ म्हणवतंय. मी तर काही मागितलं नव्हतं!

---

रात्रपाळी | सोमवार, ११ ऑगस्ट, दुपारी ४:३८

सोर्सेस डॉट लिस्ट (पॅकेजं कुठून आणायची ते सांगणारी फाइल) उघडा. त्यात ‘बुकवर्म’ लिहिलंय की ‘स्टेबल’?

---

जुनीदप्तरं | सोमवार, ११ ऑगस्ट, दुपारी ४:४४

...स्टेबल. बाकी सगळीकडे बुकवर्म आहे. हे मशीन मागच्या वर्षी नव्याने बसवलं, तेव्हा कुठलंतरी टिपण बघून टाकलं होतं.

---

रात्रपाळी | सोमवार, ११ ऑगस्ट, दुपारी ४:५२

तिथेच पाणी मुरतंय. ‘स्टेबल’ हे नाव नव्हे, गादी आहे. शनिवारी त्या गादीवर बुकवर्म उठून ट्रिक्सी बसली. एपीटीने (पॅकेजं आणणाऱ्या प्रोग्रॅमने) तेच विचारलं होतं: इथलं कोडनेम बुकवर्मचं ट्रिक्सी झालंय, पुढे जाऊ का? तुम्ही हो म्हणालात. सोर्समध्ये नेहमी नाव लिहा, पद नको.

आता मागे फिरू नका, डेबियनमध्ये खाली उतरायचा राजमार्ग नाही. फुल-अपग्रेड एकदा पूर्ण करा, रीबूट करा. आणि सर्व्हर बघा आधी.

---

जुनीदप्तरं | सोमवार, ११ ऑगस्ट, संध्याकाळी ५:०५

सर्व्हरवर बुकवर्म आहे. देवाला नारळ ठेवून आलो.

---

मावशी_म्युनिकच्या | मंगळवार, १२ ऑगस्ट, रात्री १२:४०

सर्व्हर तसाच ठेवा हो. माझ्या लायब्ररीतही कोहा आहे. कोहाचं स्वतःचं वेळापत्रक असतं, मे आणि नोव्हेंबर, आवृत्तीच्या नावातच महिना. डेबियन १२ ते १३ मध्ये मारियाडीबी (डेटाबेस) १०.११ वरून ११.८ वर जाते, म्हणजे सगळा ग्रंथसंग्रह ज्यात आहे तेच हलतं. कोहाच्या सूचनांमध्ये ट्रिक्सीचं नाव येईपर्यंत थांबायचं, आणि मग आधी बॅकअपवर तालीम.

आणि मुळात तुमची सुट्टी वाया गेलीच नाही. तुम्ही जन्मतारीख बघत बसलात, बघायची असते ती मुदत. आवृत्ती आल्यापासून तिला तीन वर्षं पूर्ण आधार मिळतो. बुकवर्मला १० जून २०२६ पर्यंत डेबियनची नेहमीची सुरक्षा टीम बघते, नंतर जून २०२८ अखेरपर्यंत एलटीएसवाले. म्हणजे २०२६ चा मे तुमच्या हातात आहे. तोवर बाकीच्यांच्या चुकाही बघून होतील.

उन्हाळ्याचा अंदाजही चुकत नाही फारसा. मागच्या पाच मोजा: १७ जून २०१७, ६ जुलै २०१९, १४ ऑगस्ट २०२१, १० जून २०२३, ९ ऑगस्ट २०२५. विषम वर्ष, जून ते ऑगस्ट. आणि पाचही शनिवार, कारण इमेज तपासायला माणसं सुट्टीच्या दिवशीच मिळतात.

---

तंबोरा | मंगळवार, १२ ऑगस्ट, सकाळी ९:३०

मावशी, १० जून २०२३ म्हणजे तुकोबांच्या पालखीचं प्रस्थान! आणि आता नारळी पौर्णिमा. यांच्या रिलीज टीमकडे कालनिर्णय आहे की काय?

---

आयटी_हमाल | मंगळवार, १२ ऑगस्ट, सकाळी १०:१०

मावशींशी सहमत. आणि तारीख जाहीर करणारे ती पाळतातच असंही नाही. सेंटओएस ८ या लिनक्सला २०२९ पर्यंत आधार असं धरून लोकांनी सर्व्हर उभे केले. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा आली की २०२१ अखेरीस बंद. सात वर्षांहून जास्त आधार एका ब्लॉगपोस्टमध्ये गेला. त्यापेक्षा न बोलणारा शिंपी परवडला.

---

अर्धा_र | मंगळवार, १२ ऑगस्ट, दुपारी १२:२०

दोन जुनाट डब्यांचं कुणी बोललंच नाही. प्रोसेसर ३२ बिटी आहे का ते बघा. ट्रिक्सीत ३२ बिटी पीसीसाठी कर्नेल आणि इन्स्टॉलर नाही. आय-३८६ उरलंय ते फक्त ६४ बिटी मशीनवर जुने ३२ बिटी प्रोग्रॅम चालवण्यापुरतं. त्यांना १३ वर न्यायचा प्रयत्नही करू नका. बुकवर्मच ठेवा, आणि एलटीएसमध्ये सगळ्या आर्किटेक्चरना जागा नसते, तेव्हा पुढच्या जूनला यादी तपासा.

अवांतर: ३२ बिटी घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी (आपल्या वेळेप्रमाणे) उलटतं. ट्रिक्सीत त्यासाठी एआरएमसारख्या ३२ बिटी आर्किटेक्चरची वेळ ६४ बिटी केली. आय-३८६ ला मुद्दाम वगळलं, कारण ते जुन्या प्रोग्रॅमांसाठीच ठेवलंय. २०२४ च्या वसंतात सिड महिनोन्महिने मोडून पडला होता तो याच कामाने. उशीर कुठे जातो विचारता ना, इथे जातो.

---

जुनीदप्तरं | गुरुवार, २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

डबे ३२ बिटीच निघाले. तसेच ठेवतो.

चार नंबरवर नवीन विघ्न. या मशीनला स्कॅनर आहे, जुने दिवाळी अंक स्कॅन करतोय. ३०० डीपीआय, रंगीत. ७१व्या पानाला ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’. डिस्कवर ३०० जीबी मोकळी! दोनदा केलं, दोन्ही वेळा सत्तरीच्या आसपास गचकलं.

---

रात्रपाळी | गुरुवार, २१ ऑगस्ट, रात्री ११:५०

रॅम किती? ४ जीबी असेल तर कोडं सुटलं. ट्रिक्सीपासून टीएमपी (तात्पुरत्या फाइलींचा) फोल्डर डिस्कवर नसतो, रॅममध्ये असतो, जास्तीत जास्त निम्म्या रॅमपर्यंत. एक ए-४ पान ३०० डीपीआयला न दाबता साधारण २६ एमबी. म्हणजे दोन जीबीला थोडी कमी जागा असेल तर सत्तर-पंचाहत्तर पानं. तुमचा स्कॅनचा प्रोग्रॅम पानं तिथेच साठवत असणार.

टीएमपी डॉट माउंट हे युनिट सिस्टिमसीटीएलने ‘मास्क’ करा आणि रीबूट करा, पुन्हा डिस्कवर येईल. रिलीज नोट्समध्ये आहे हे सगळं. कुणी वाचत नाही, मीही नाही.

---

मावशी_म्युनिकच्या | शुक्रवार, २२ ऑगस्ट, रात्री १:०५

मी वाचते.

---

ताजा_कलम | शुक्रवार, २२ ऑगस्ट, सकाळी ९:१५

आर्चवर टीएमपी कित्येक वर्षं रॅममध्येच आहे. बोलत नाही मी काही.

---

जुनीदप्तरं | सोमवार, ८ सप्टेंबर, दुपारी १२:३०

विसर्जन आटोपून आज वाचनालय उघडलं. १३.१ आलीय म्हणे, तीही शनिवारी, अनंत चतुर्दशीला. तंबोरा, तुमचा कालनिर्णयाचा संशय आता मलाही यायला लागलाय.

मास्क केल्यापासून चार नंबर मुकाट काम करतंय. काल रात्री १९६२ चा एक अंक पुरा झाला, जाहिरातींसकट २४० पानं. बाकीच्या सात मशीनच्या आणि सर्व्हरच्या सोर्सेस फाइली उघडून एकेक वाचल्या, सगळीकडे बुकवर्म. कार्यकारिणीला लेखी दिलंय: मे २०२६, पडताळणीचा आठवडा. खजिनदारांनी विचारलं, यंदा नक्की ना? म्हटलं, या खेपेला गाडी आधीच स्टँडवर येऊन उभी आहे.

एक राहिलं. दोन डब्यांपैकी एकाचा पंखा घरघरतोय. पुण्यात जुन्या मशीनचे पंखे कुठे मिळतात कुणाला ठाऊक आहे?